‘इंग्लिश मेक’च्या आधीचा शब्द

वडील गेल्यावर तीन भावंडांत ठरलेल्या वाटणीचा कच्चा कागद नाशकातल्या एका घरच्यांनी मला दाखवला, तेव्हा माझी नजर सातव्या ओळीवर अडकली. वरच्या सहा ओळींत नेहमीचीच जिनगानी होती: निफाड तालुक्यातली द्राक्षबाग, जुन्या नाशकातल्या वाड्यातला हिस्सा, बँकेतल्या ठेवी, आईचे दागिने वगैरे. सातवी ओळ अशी: ‘रिव्हॉल्व्हर .३२, स्मिथ अँड वेसन, इंग्लिश मेक – रु. ६,००,०००’. ती ओळ धाकट्या भावाच्या नावापुढे होती. म्हणजे धाकट्याने रिव्हॉल्व्हर घ्यायचं आणि त्याबदल्यात सहा लाखांची रोकड सोडायची.

स्मिथ अँड वेसन हा कारखाना अमेरिकेतला, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्डचा. तिथला माल ‘इंग्लिश मेक’ कसा असेल? एका ओळीत दोन देश आले की निदान एक तरी चुकीचा असणार, हे कळायला आर्मोरर असण्याची गरज नाही. मी मात्र आर्मोररच होतो. पोलीस दलात तीसेक वर्षं हत्यारं खोलण्यात, पुसण्यात आणि जोडण्यात गेली. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतले लोक जुनी हत्यारं दाखवायला बोलावतात. हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात माणसं ज्या ज्या ठिकाणी घसरतात त्यातली बहुतेक ठिकाणं एकाच घरात सापडली.

आधी हत्यार कुठे आहे ते सांगा

फोन आला तो धाकट्या भावाच्या मुलाचा. “काका, आजोबांचं रिव्हॉल्व्हर कपाटात सापडलंय. फोटो पाठवतो, किती जुनं आहे आणि किती येतील ते सांगाल का?”

“फोटो नको. आजोबा जाऊन किती दिवस झाले?”

“सात महिने.”

“आणि ते अजून कपाटात आहे?”

पलीकडे शांतता.

परवाना माणसाच्या नावावर असतो. माणूस गेला की घरात उरलेलं हत्यार वारसांकडे विनापरवाना राहतं. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २१ नुसार ते विनाकारण उशीर न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावं लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याला किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची शिक्षा आहे. दुःखाच्या दिवसांत कुणाला हे सुचत नाही, हे मी समजू शकतो. पण सात महिने म्हणजे तेरावा, मासिक श्राद्धं, वर सातबारावर वारसनोंदसुद्धा होऊन गेली होती. सातबारा बरोबर आठवतो.

थोरल्या भावाचं म्हणणं वेगळं. “अहो, ते अँटिक आहे. जुन्या हत्याराला परवाना लागत नाही.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता रागही येत नाही. कलम ४५ मध्ये जुन्या किंवा मोडक्या हत्यारांना सूट आहे खरी, पण त्यात अट अशी की ते दुरुस्त करूनही झाडता येता कामा नये. २०२० साली केंद्राने क्युरिओ गटातली, म्हणजे दुर्मीळ वस्तू म्हणून जपलेली, छोटी शस्त्रं बाळगायला भारतीय नागरिकांना परवान्यातून मोकळीक दिली. मात्र वापरायला, सोबत न्यायला परवाना लागतोच आणि परवान्यावर नोंद असल्याशिवाय काडतुसं मिळत नाहीत. परवान्यावर चढलेलं, चालू स्थितीतलं, काडतुसांसकट ठेवलेलं हत्यार या मोकळिकीच्या भरवशावर घरात ठेवा, असं मी कुणालाही सांगणार नाही.

तर आधी लेखी अर्ज झाला, मग पोलीस ठाणं. मी बरोबर गेलो नाही, फोनवर एवढंच बजावलं की रिव्हॉल्व्हर उघडायचा किंवा रिकामं करायचा प्रयत्न कुणी करू नये. “ते रिकामंच आहे हो,” असं दोघा भावांनी आणि मुलाने एका सुरात सांगितलं. ठाण्यातल्या हवालदाराने सिलिंडर उघडलं, तर आत दोन काडतुसं. उरलेली चार तपकिरीच्या जुन्या डबीत निघाली, पितळ हिरवं पडलेलं. तीही जमा झाली. पुढे पोलिसांच्या परवानगीने रिव्हॉल्व्हर शहरातल्या एका परवानाधारक दुकानात ठेवलं आणि पावती घेतली. मी ते पहिल्यांदा पाहिलं ते या दुकानाच्या काउंटरमागे, दुकानदार समोर असताना.

घरातल्या गोष्टी

त्या दिवशी दुकानात तिघंही भावंडं आली होती. थोरली बहीण सगळ्यांत मोठी, वय ७४, सगळे तिला आत्या म्हणतात. मी ताई म्हणायचो. त्यांच्याखालोखाल थोरला भाऊ आणि मग धाकटा. वाटणीच्या कागदावर ताईंच्या नावापुढे दागिने आणि ठेवीतला वाटा होता. रिव्हॉल्व्हरबद्दल त्यांना कुणी विचारलेलं नव्हतं.

थोरल्याने सुरुवात केली ती जॅक्सनपासून. नाशकात जुनं पिस्तूल निघालं की पाच मिनिटांत जॅक्सन येतोच. २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ते या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. “आजोबा म्हणायचे, हे त्याच बनावटीचं आहे. लंडनहून आलेलं,” थोरला म्हणाला.

कान्हेरे यांच्या हातात होतं ते ब्राउनिंग पिस्तूल. लंडनहून क्रांतिकारकांसाठी चतुर्भुज अमीन याच्या सामानातून जी हत्यारं आली, तीही ब्राउनिंग पिस्तुलंच. पिस्तुलात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात, बार उडाला की वरचा भाग मागे सरकून पुढची गोळी आपोआप चढते. रिव्हॉल्व्हरला फिरतं सिलिंडर असतं. दोन्हींची ‘बनावट’ एक असणं म्हणजे सायकल आणि टांगा एकाच बनावटीचे असणं. मी हे जरा सौम्य शब्दांत सांगितलं. थोरल्याचा चेहरा उतरला, पण लगेच दुसरी गोष्ट आली: पणजोबांनी ते देवळाली कॅम्पातून, परत निघालेल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याकडून घेतलं. ही गोष्ट पटण्यासारखी होती. देवळालीतून गोरे सैनिक बोटीच्या वाटेला लागायचे, सैन्य आवरतं घेतलं गेलं तेव्हा पुष्कळ वस्तू नाशकात उरल्या. बोट येईपर्यंत तिथे कंटाळून वेडे व्हायची पाळी यायची, म्हणून इंग्रजीत डोकं फिरलेल्याला ‘डूलाली’ म्हणतात, तो शब्द या देवळालीचाच. पण या खरेदीचा एकही चिटोरा घरात नव्हता. कागद नसलेली गोष्ट मी ऐकून घेतो, हिशेबात धरत नाही.

लोखंड काय म्हणतं

रिव्हॉल्व्हर दिसायला देखणं होतं. चार इंचाच्या आसपास नळी, सहा बारांचं सिलिंडर, काळ्या रबराची मूठ आणि वर आरशासारखा निकेल. घरच्यांना ती चमक म्हणजे किमतीचा पुरावा वाटत होती. मला तिथेच पहिली शंका आली. कारखान्यातून आलेल्या हत्याराला कोन असतात. चौकटीच्या कडेवरून अंगठा फिरवला की ती धार जाणवते. इथे कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि अक्षरांच्या भोवती धातू किंचित खोलगट झाला होता. कुणीतरी कधीतरी पॉलिशच्या चाकावर धरून जोरात बफ मारला होता.

नळीवर एक लांबलचक ओळ होती. तिचा अर्थ एवढाच की यात .३२ स्मिथ अँड वेसन लाँग काडतूस वापरा. पण ‘स्मिथ अँड वेसन’ मोठ्या अक्षरांत आणि बाकी सगळं बारीक. आमच्या धंद्यातली ही जुनी चलाखी. काडतुसाचं नाव असं कोरायचं की घाईत वाचणाऱ्याला ते कारखान्याचं नाव वाटावं. चौकटीवर गुंफलेल्या अक्षरांचा एक शिक्का होता, दुरून थेट स्मिथ अँड वेसनच्या मोनोग्रामसारखा. भिंगाखाली ती अक्षरं दुसरीच निघाली.

मग मी रिव्हॉल्व्हर उलटं केलं. स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्व्हरची यंत्रणा झाकणारी पट्टी उजव्या बाजूला असते. कोल्टची डाव्या बाजूला. इथे बाहेरचा सगळा आकार स्मिथचा, पण पट्टी डावीकडे. स्क्रू काढून पट्टी उचलली, तर आतल्या कमानीही स्मिथच्या नव्हत्या. म्हणजे अंगरखा एकाचा आणि पोट दुसऱ्याचं. अस्सल आणि नक्कल ओळखायला एवढं पुरेसं होतं. दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. भावांना अजून काही बोललो नाही.

राहिला ‘इंग्लिश मेक’. हे शब्द खरोखरच होते, नळीच्या डाव्या अंगाला, चौकटीलगत, बारीक शिक्क्यात. परवान्याच्या पुस्तकातही तेच. पण शिक्का विचित्र जागी होता. दोन शब्द उजवीकडे सरकलेले आणि डावीकडे एका शब्दापुरती मोकळी जागा. शिक्का मारणारा असा तिरपागडा मारत नाही. दुसरं असं की इंग्लंडमधला कारखाना स्वतःच्या मालावर ‘इंग्लिश मेक’ लिहील कशाला? तो आपलं नाव लिहील. बर्मिंगहॅमच्या वेब्लीचंच घ्या. १८९७ साली तीन धंदे एकत्र येऊन ‘वेब्ली अँड स्कॉट रिव्हॉल्व्हर अँड आर्म्स कंपनी’ झाली, १९०६ मध्ये नाव आखडून नुसतं ‘वेब्ली अँड स्कॉट’ उरलं. त्यामुळे वेब्लीच्या हत्यारावर कंपनीचं नाव कोणत्या रूपात आहे यावरूनच वयाचा अंदाज येतो. मार्क सहा या लष्करी नमुन्यावर तर चौकटीवर सालच ठोकलेलं असतं.

दुकानातला दिवा मालवला आणि छोटी विजेरी नळीला जवळजवळ टेकवून आडवी धरली. आधी थोडी खडूची पूड बोटाने त्या मोकळ्या जागेवर घासून फुंकरली होती. वरून प्रकाश पडला तर पुसलेलं अक्षर दिसत नाही, पण आडवा पडला की खोलीची सावली पडते, मग ती केसाएवढी असली तरी. डावीकडे काही नाही. मधे एका गोलाची उजवी कड. आणि त्याच्या पुढे एक उभा दांडा, डोक्यावर आडवी रेघ. इंग्रजी टी.

“काय आहे?” धाकट्याने विचारलं.

“‘नॉट’,” मी म्हणालो. “‘नॉट इंग्लिश मेक’.”

हे तीन शब्द काही कारखान्याचे नव्हेत. ते इंग्लंडमधल्या प्रूफ हाउसचे, म्हणजे हत्यार विकायला येण्याआधी जादा दाबाचा बार भरून नळी-सिलिंडर तपासणाऱ्या सरकारमान्य संस्थेचे. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासून चालू आहे. बाहेरच्या देशातला माल इंग्लंडमध्ये तपासणीला आला, की तो आपला नाही हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून त्यावर ‘नॉट इंग्लिश मेक’ ठोकायचे. ही पद्धत १९०४ च्या नियमांनी आली. १९२५ च्या नियमांत परदेशी मालासाठी वेगळे शिक्के ठरले आणि हे शब्द मागे पडले. म्हणजे फसवणूक टाळण्यासाठी मारलेल्या शिक्क्याचा पहिला शब्द घासला गेला आणि उरलेल्या दोन शब्दांनी साठ वर्षं एका घराला फसवलं.

इथून वयाचा हिशेब सोपा झाला. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूसच १८९६ साली बाजारात आलं, त्यामुळे त्याआधीचं हे हत्यार असूच शकत नाही. सिलिंडरच्या प्रत्येक घरावर (काडतूस बसतं ती खोबण) आणि नळीवर मुकुटाखाली बी.पी., बी.व्ही. आणि एन.पी. ही बर्मिंगहॅमची चिन्हं होती, तीही १९०४ नंतरची. त्याआधी बर्मिंगहॅमच्या खुणेत फुलीसारखे राजदंड असत. वरची मर्यादा १९२५. एकवीस वर्षांची खिडकी मिळाली आणि तीही कुणाच्या आठवणीवर न विसंबता.

देश कोणता, याबाबत मी आधी चुकलो. तोंडातून निघून गेलं, “बेल्जियम असेल.” त्या काळात लिएजचा स्वस्त माल जगभर जायचा, जुन्या वाड्यांतून आजही निघतो. दुकानदार म्हणाला, “साहेब, मग अंडं कुठाय?” बरोबर होतं त्याचं. लिएजच्या प्रत्येक हत्यारावर लांबट वर्तुळात ई.एल.जी. ही अक्षरं असतात, कायद्याने सक्तीची. आमच्या बोलीत तेच अंडं. इथे ते कुठेच नव्हतं, मूठ काढून खालीही पाहिलं. जर्मनीची खूण नव्हती. म्हणजे ज्या देशात त्या काळी तपासणीची सक्ती नव्हती आणि जिथे स्मिथ अँड वेसनची हुबेहूब नक्कल हाच मोठा धंदा होता, तो देश. स्पेन. तिथल्या बास्क प्रांतातलं एईबार हे गाव म्हणजे घरोघरी कानशी चालणाऱ्या कारागिरांचं. स्पेनमध्ये तपासणी सक्तीची झाली १९२३ साली आणि १९२७ पासून शिक्क्यासोबत वर्षाचं अक्षर येऊ लागलं. या नळीवर ना स्पॅनिश शिक्का, ना अक्षर. म्हणजे खिडकीचं वरचं टोक १९२५ वरून १९२३ कडे सरकलं. आतल्या कमानीची धाटणीही एईबारच्या नकलांचीच होती. मी कागदावर लिहिलं: ‘एईबार, स्पेन. १९०४ ते १९२३ च्या दरम्यान. स्मिथ अँड वेसनच्या नमुन्याची नक्कल.’

एईबारचं सगळंच टाकाऊ, असं मात्र कुणी समजू नये. पहिल्या महायुद्धात वेब्लीला मागणी पुरवता येईना, तेव्हा नोव्हेंबर १९१५ मध्ये ब्रिटिश सरकारने गाराते अनितुआ आणि त्रोकाओला अरांसाबाल या तिथल्याच कारखान्यांकडून .४५५ ची रिव्हॉल्व्हरं घेतली होती. चांगला कारखाना चांगलं पोलाद वापरायचा. बाकीचे जे मिळेल ते वापरायचे, आणि त्यांच्या क्रमांकांना स्मिथसारखे सालवार तक्तेही नाहीत.

बफ कुणी मारला

थोरल्याला हे पटलं नाही, आणि त्याचा मुद्दा रास्त होता. “सरकारी पुस्तकात ‘इंग्लिश मेक’ लिहिलंय. सरकारी माणसाने हत्यार पाहूनच लिहिलं असेल ना?”

पुस्तक १९६३ सालचं. १९५९ चा नवा कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला, त्यानंतर वडिलांना हे पुस्तक मिळालं होतं. आधीचे, १८७८ च्या कायद्याखालचे कागद घरात नव्हते. मग प्रश्न असा की १९६३ साली लिहिणाऱ्याने ‘नॉट’ का लिहिलं नाही? एक तर त्याने आळस केला किंवा त्याला ते दिसलंच नाही.

तोवर एका स्टुलावर गप्प बसलेल्या ताई म्हणाल्या, “ते मी पाचवीत असताना घासलं होतं.”

सगळे वळले.

“बाबांनी तांबटाकडून बफ मारून आणलं. निकेलही तेव्हाच चढवलं. आईने केवढा आरडाओरडा केला होता, आपली पूजेची भांडी महिनाभर पडून आहेत आणि हे आधी चकचकीत करून आणलं म्हणून. मी ते हातात घेतलं होतं, तर माझं तोंड दिसत होतं त्यात. आईने पाठीत धपाटा घातला.”

हत्यार असं तांबटाच्या चाकावर देणं हा तेव्हाही शहाणपणा नव्हता, ते सोडा. ताई पाचवीत म्हणजे १९६०-६१. पुस्तक १९६३ चं. कारकुनासमोर हत्यार आलं तेव्हा ‘नॉट’ आधीच तांबटाच्या चाकावर गेलं होतं. त्याने नळीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचलं, उरलेले दोन शब्द वाचले आणि प्रामाणिकपणे उतरवले. पुढे परवाने संगणकावर चढले, प्रत्येकाला युनिक आयडेंटिफिकेशन नंबर मिळाला, तेव्हा पुस्तकातलीच ओळ तशीच टाइप झाली. क्रमांक मात्र सगळीकडे बरोबर होता, हत्यारावर, पुस्तकात आणि संगणकात. तेवढं नशीब. क्रमांक जुळला नसता तर ही गोष्ट मी अशी मोकळेपणाने लिहीत बसलो नसतो.

मला राहूनराहून वाटतं, ताईंना हे आधी कुणी विचारलं असतं तर दुकानातले दोन तास वाचले असते.

सहा लाख आले कुठून

थोरल्याने आकडा हवेतून आणला नव्हता. भारतात हत्याराची किंमत त्याच्या सौंदर्यावर ठरत नाही, परवान्यावर ठरते. .३८, .४५५, ९ मिमी ही प्रतिबंधित बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) मोडतात, त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाकडून आणि तोही मोजक्यांना. त्यामुळे एखाद्या घरात पहिल्या महायुद्धातलं अप्रतिम .४५५ वेब्ली निघालं, तरी ते विकत घेऊ शकणारा माणूस सापडत नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या लिलावाचे आकडे दाखवून लोक माझ्याशी वाद घालतात. तो बाजार तिकडचा, तिथे न्यायचं तर निर्यातीचा परवाना लागतो.

.३२ चं गणित उलटं आहे. ते सामान्य परवान्यावर मिळतं. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार आयात करण्याची वाट जवळजवळ बंद झाली. जे आधी आलं तेच फिरत राहिलं. त्यामुळे अस्सल स्मिथ अँड वेसन, कोल्ट किंवा वेब्ली, .३२ बोअर, चांगल्या स्थितीत असेल तर आजही लाखांत जातं. थोरल्याने अशाच एका अस्सल स्मिथचा सौदा ऐकला होता. त्याच्या जागी मी असतो तर पुस्तक वाचून मीही हाच आकडा लिहिला असता.

पण नकलेला ती ओढ नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर नवंकोरं, सुट्या भागांसह मिळत असताना शंभर वर्षांची स्पॅनिश नक्कल कोण घेईल? वर त्याची तब्येत. मी घोडा मागे ओढून, चाप दाबलेला ठेवून सिलिंडर बोटांत धरलं. ते खुंट्यासारखं घट्ट राहायला हवं. ते हललं. सहापैकी एक घर नळीसमोर पुरतं येत नव्हतं, आणि नळीच्या मागच्या तोंडाशी एका बाजूला शिशाचा कीस चिकटला होता. त्या घरातून सुटलेली गोळी नळीत शिरताना कडेवर खरवडली जात होती, त्याची ती खूण. असं रिव्हॉल्व्हर झाडणाऱ्याच्या बाजूला उभं राहू नये. आणि निकेल? अस्सल हत्यारालाही पुन्हा चढवलेला मुलामा किंमत वाढवत नाही, कमीच करतो.

दुकानदाराने आकडा लिहिला: पंधरा हजार, तोही परवानाधारक गिऱ्हाईक मिळालं तर. मी खाली सही केली. माझ्या मते तो उदार होता.

दुकानात कुणी काही बोललं नाही. मग थोरल्याने खिशातून वाटणीचा कागद काढला, काउंटरवर पसरला आणि सातव्या ओळीवरच्या आकड्यावर रेघ मारली. माणूस हिशेबी, पण खोटा नव्हे. धाकट्याची रोकड त्याला परत मिळणार होती, त्याने मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, “मग हे राहू दे इथेच. मला नको. सरकारजमा करून टाकू.”

“पंधरा हजारच ना?” ताई म्हणाल्या. “माझ्या वाट्यात धरा. मला हवंय ते.”

“आत्या, तू काय करणार त्याचं?” धाकट्याचा मुलगा हसला.

“तू काय करणार होतास?”

२०१६ च्या शस्त्र नियमांत परवानाधारकाच्या मृत्यूनंतर कायदेशीर वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो, बाकीच्या वारसांनी हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. वारस म्हणजे मुलगा, असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. घर नाशिक शहरात, म्हणून अर्ज पोलीस आयुक्तालयात. त्याच्यासोबत मी वर्णन दुरुस्तीचा वेगळा अर्ज लिहून दिला: क्रमांक तोच, बोअर तेच, बनावट ‘स्मिथ अँड वेसन, इंग्लिश मेक’ऐवजी ‘स्पेन, स्मिथ अँड वेसन नमुन्याची नक्कल’. शिक्क्याचा आडव्या उजेडातला फोटो जोडला. खिडकीवरच्या कारकुनाने तो दोनदा वाचला आणि विचारलं, “काका, मेकच्या रकान्यात नक्की काय टाकू?”

“स्पेन टाका,” ताई म्हणाल्या.

सिलिंडर घट्ट करण्याचं काम मी करणार नाही असं त्यांना सांगितलं आहे आणि त्यांनाही त्यातून बार काढायचा नाही. पण अर्जासाठी हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. गेल्या आठवड्यात रेंजवरून त्यांचा फोन आला होता, प्रशिक्षक त्यांना सारखा “आजी, बोट चापावरून काढा” म्हणतो म्हणून तक्रार करायला.